पाठ टेकवावी, मोडू नये

जळगाव जिल्ह्यातील एरंडोलपासून थोड्या अंतरावर, रानाच्या कुशीत, पद्मालयाचे गणपतीस्थान आहे. जवळच भीमकुंड दाखविले जाते. एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराला मारले ते याच रानात, अशी या भागाची श्रद्धा आहे. हा मान देशातील आणखीही काही गावे आपल्याकडे घेतात. तो वाद येथे करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, बकासुराचा अंत कसा झाला याचे आदिपर्वातील वर्णन मोठे नेमके आहे. भीमाने त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, एका हाताने मान व दुसऱ्या हाताने कमरेचे वस्त्र धरले आणि त्याला मागच्या मागे दुमडून त्याचा कणा मोडला. पुढे सभापर्वात जरासंधाचीही तीच गत झाली. लोककथेत भीमाने त्याचे उभे दोन भाग केले असे सांगतात. परंतु गरगर फिरवून, गुडघ्याच्या आधारे त्याची पाठ मोडल्याचा स्पष्ट उल्लेख मूळ कथेत आहे.

या कथा आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. दूरचित्रवाणीवर आणि आता हातातल्या मोबाइलवर जी परदेशी व्यावसायिक कुस्ती चालते, तिच्यातील एक लोकप्रिय डाव भीमाच्या त्या डावाचाच भाऊ शोभेल असा आहे. प्रतिस्पर्ध्यास आडवा उचलून त्याची पाठ आपल्या गुडघ्यावर आदळावयाची, हा तो डाव. 'बॅकब्रेकर' हे त्याचे नाव आठवी-नववीतल्या पोरांनाही पाठ असते. पालथ्या पडलेल्या माणसाचे पाय मागे ओढून त्याची कंबर कमानीसारखी वाकविणे, त्याच्या पाठीवर बसून हनुवटी मागे खेचणे, डोक्यावर उचलून पाठीवर आदळणे, असे त्याचे अनेक सोबती आहेत. शाळेच्या मैदानात, गिरणेच्या वाळूत, खळ्यावरच्या कडब्यावर ही पोरे एकमेकांवर हे डाव करून पाहतात. याकडे 'पोरांचा खेळ' म्हणून पाहणे सोपे आहे. तेवढे ते शहाणपणाचे मात्र नाही.

युद्धापासून खेळापर्यंत

आपल्याकडे मल्लविद्येचे चार प्रकार परंपरेने सांगितले जातात. केवळ शक्तीवर भर देणारी भीमसेनी, डावपेच व चपळाई यांवर विसंबणारी हनुमंती, प्रतिस्पर्ध्यास जखडून शरण आणणारी जांबुवंती आणि त्याचे सांधे, हाडे व अवयव मोडणारी जरासंधी. या चारांपैकी पहिल्या तिन्हींचा अंश आजच्या कुस्तीत आहे. चौथी मात्र आखाड्याने जाणूनबुजून बाहेर ठेवली. ती कोणाला येत नव्हती म्हणून नव्हे. ती येत असूनही वापरावयाची नाही, असे ठरले म्हणून.

युद्धाचा खेळ झाला तो याच ठिकाणी, असे आम्हांस वाटते. शत्रूची पाठ मोडावयाची होती. जोडीदाराची पाठ केवळ जमिनीस टेकवावयाची. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली. हरलेला उठतो, अंगाची माती झाडतो, जिंकणारा त्याला मिठी मारतो आणि दोघेही वस्तादाच्या पाया पडतात. मोडणे आणि टेकविणे या दोन क्रियापदांमधील अंतर म्हणजेच कुस्तीची संस्कृती होय. पाठ हे कुस्तीतील निकालाचे स्थान आहे, इजेचे नव्हे.

हा निकाल मिळविणे किती कठीण असते, याची साक्ष जगप्रसिद्ध आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची कुस्ती झाली. गामाच्या ताकदीचा अंदाज येताच झबिस्को पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक काळ गामाने प्रयत्न केले. पण त्या प्रचंड देहाची पाठ काही मातीकडे वळली नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळा येथे तीच जोड पुन्हा लागली, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत त्याला चीत केले. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता : पाठ टेकते की नाही? झबिस्कोचा कणा मोडण्याचा विचार गामाच्या मनात अडीच तासांत एकदाही आला नाही, आणि तसा तो येणे हेच मल्लाला कमीपणाचे झाले असते.

डावांमागील विचार

तालमीत शिकविल्या जाणाऱ्या डावांकडे या दृष्टीने पाहावे. धोबीपछाड किंवा ढाक मारताना मल्ल आधी स्वतःची पाठ प्रतिस्पर्ध्याकडे वळवितो आणि मग आपल्या पाठीवरून किंवा कमरेवरून त्याला पुढे फेकतो. म्हणजे पहिला धोका तो स्वतः पत्करतो. कलाजंगात प्रतिस्पर्ध्यास खांद्यांवर आडवा घेऊन कलते करावयाचे असते. निकाल म्हणजे खालून निसटून त्याच्या पाठीमागे जाणे. खाली पालथ्या पडलेल्या मल्लासाठी सवारी, घिस्सा, मोळी असे डाव आहेत. सवारीत त्याच्या पाठीवर स्वार व्हावयाचे. परंतु ते पाठ चेपण्यासाठी नव्हे, त्याला उलथविण्यासाठी. मोळीत मान व पाय सरपणाच्या मोळीसारखे एकत्र बांधून त्याला लोळवावयाचे. या सर्व डावांची दिशा एकच आहे, पाठ मातीकडे वळविण्याची. पाठीवर आघात हे त्यांपैकी एकाचेही साध्य नाही.

म्हणूनच तालमीतला निम्मा व्यायाम पाठीसाठी असतो. जोर, सपाट्या, मल्लखांब यांनी कण्याभोवतीचे स्नायू तयार होतात. मान आणि पाय यांवर शरीर कमानीसारखे तोलून धरण्याचा सराव मल्ल वर्षानुवर्षे करतो, कारण चीत होण्याच्या क्षणी तीच कमान त्याला वाचविते. आखाड्याची माती रोज उकरली जाते. तीत तेल, ताक, हळद घातली जाते, ती पूजेसाठी नव्हे, पाठ ज्यावर पडणार ती जमीन मऊ राहावी म्हणून. जुन्या वस्तादांना मणक्यांची इंग्रजी नावे ठाऊक नव्हती. मणक्याची किंमत ठाऊक होती.

आंतरराष्ट्रीय कुस्तीचे नियमही निराळे सांगत नाहीत. प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे नव्वद अंशांहून कमी कोनात वळली की ती धोक्याची स्थिती मानून गुण दिले जातात, उंच फेकीला अधिक गुण मिळतात आणि दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपते. तथापि कण्याला ताण देणारी पकड निषिद्ध आहे. कमानीवर असलेल्या मल्लाला उचलून गादीवर आदळणे निषिद्ध आहे. मागून कंबर धरून प्रतिस्पर्ध्यास उलटा केला असेल, तर त्याला बाजूलाच टाकले पाहिजे. सरळ डोक्यावर आपटता येत नाही. लाल मातीतल्या वस्तादाने आणि गादीवरच्या नियमकर्त्याने वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकच निष्कर्ष काढावा, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

पाठीचा न्याय

खानदेशला या विद्येचे वावडे नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, ती धुळ्यात भरली. तेथे भगवान मोरे विजयी झाले. १९६६ साली जळगावच्या आखाड्यात दीनानाथसिंह महाराष्ट्र केसरी ठरले. १९७७ साली स्पर्धा चाळीसगावला आली, पण त्या वर्षी किताबाचा निकाल लागला नाही. त्याच चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब जिंकून ती उणीव व्याजासकट भरून काढली आणि पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. कोल्हापूर-सांगलीकडेच कुस्ती पिकते, हा समज त्यांनी मोडला. आज चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिरपूर या भागांतील कितीतरी मुलांच्या डोळ्यांसमोर हे उदाहरण आहे, आणि म्हणूनच त्यांच्या पाठींची काळजी वाहणे हे आपले काम आहे.

अलीकडच्या काळात कुस्तीतील मोठे वाद झाले तेही पाठीवरूनच. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर बाहेरील टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर यांची पाठ पुरेशी धोक्यात गेली होती की ते कुशीवर पडले होते, यावर राज्यभर काथ्याकूट झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे शिवराज राक्षे यांना पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध चीत ठरविण्यात आले. आपली पाठ पूर्णपणे टेकलीच नव्हती असे राक्षे यांचे म्हणणे होते. संतापाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. परंतु त्या संतापाच्या मुळाशी असलेली भावना समजून घेतली पाहिजे. मल्लाच्या दृष्टीने पाठ टेकणे म्हणजे संपूर्ण पराभव. त्याबाबत शंका राहता कामा नये. असे वाद टाळावयाचे तर पंचांच्या प्रशिक्षणावर आणि चित्रफितीच्या पुनरवलोकनावर खर्च करावयास हवा. न्याय वेळेवर व निःसंदिग्ध मिळाला, तर राग पंचावर किंवा पुढच्या जोडीदाराच्या अंगावर निघत नाही.

कॅमेऱ्यापुढची कुस्ती

आता दुसऱ्या कुस्तीकडे वळू. तिला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनी एका पिढीला वेड लावले होते. १९६८ साली मुंबईत दारासिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळविला, तेव्हाचा जल्लोष वडीलधाऱ्यांच्या अजून स्मरणात आहे. २००७ साली दलीपसिंग राणा उर्फ खली याने अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा जागतिक किताब मिळविला, तेव्हा खेड्यापाड्यांतील पोरांना आकाश ठेंगणे झाले. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता गुपित राहिलेले नाही. आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला 'नुरा कुस्ती' म्हणून हिणवितात. तिकडे तोच एक प्रतिष्ठित व्यवसाय झाला. त्यात कसब आहे, नाट्य आहे, कष्टही आहेत.

परंतु तिचे मर्म पडद्यावर दिसत नाही. बॅकब्रेकर खाणारा मल्ल डाव करणाऱ्यास साहाय्य करीत असतो. कोठे हात टेकावयाचा, हनुवटी छातीशी केव्हा घ्यावयाची, आघात सबंध पाठीवर कसा पसरवावयाचा, याचे शिक्षण त्याने दीर्घकाळ घेतलेले असते. त्या व्यासपीठाची फळीही थोडी दबणारी असते. प्रेक्षकाला दिसते ते निर्दय आक्रमण. प्रत्यक्षात असतो तो दोघांचा करार. आणि करार असूनही अपघात टळत नाहीत. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेत डॅरन ड्रॉझ्डॉव्ह या मल्लाला उचलून पाठीवर आपटण्याचा डाव चुकला, त्याची मान मोडली आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. २०२३ साली त्याचे निधन झाले, तोवरची जवळजवळ चोवीस वर्षे त्याने अपंगावस्थेत काढली. दोन्ही मल्ल कसलेले, डाव नेहमीचा, निकाल ठरलेला. केवळ एका क्षणाची पकड चुकली.

'घरी अनुकरण करू नये' अशी सूचना त्या कंपन्या स्वतःच देतात. ती इंग्रजीत असते आणि क्षणभर असते. अमळनेरच्या किंवा साक्रीच्या बारा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचते ते दृश्य, सूचना नव्हे. त्याच्या मित्राला हनुवटी कशी घ्यावी हे ठाऊक नसते, खाली दबणारी फळी नसते, आणि गुडघा खरोखरीचा असतो. वाढत्या वयात कमरेचे मणके पुरते पक्के झालेले नसतात. कंबर वारंवार मागे वाकवली गेल्याने मणक्याच्या मागील भागाला बारीक तडे जाण्याचा प्रकार या वयातील खेळाडूंमध्ये वैद्यकाला परिचित आहे. तो तडा त्या दिवशी दिसत नाही. पुढे नांगराला किंवा ओझ्याला हात घातला की दिसतो.

ज्यांचे पोट पाठीवर चालते

येथे खानदेशापुरता एक विशेष विचार केला पाहिजे. 'पाठीवर मारावे, पोटावर मारू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ज्याचे पोट पाठीवरच चालते, त्याच्या बाबतीत ती खोटी ठरते. रावेर-यावलच्या बागेतून केळीचे घड खांद्यावरून बांधापर्यंत आणणारा मजूर, बाजार समितीत पोती वाहणारा हमाल, कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन शेतातून घराकडे येणारे कुटुंब, या सर्वांचे भांडवल एकच, ते म्हणजे शाबूत कणा. कुस्तीला येणारी बहुतेक मुले अशाच घरांतून येतात. त्यांपैकी एखाद्याचा मणका दुखावला, तर एक खेळाडू गेला एवढ्यावर भागत नाही. घरातील कमावता हात जातो आणि त्याच्या सेवेत आणखी एक अडकतो. शहरातील खेळाडूला नोकरीत बसून काम करता येईल. या मुलाला ती सोय नाही.

चैत्रापासून यात्रांचा हंगाम सुरू होतो आणि यात्रेबरोबर कुस्त्यांची दंगल येते. नारळाच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत गाव रंगून जाते. हा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. आम्ही तर तो वाढावा अशाच मताचे आहोत. परंतु एका दिवसासाठी तयार केलेला हौद बहुधा वरवर उकरलेला असतो. खाली उन्हाने तापून दगड झालेली काळी जमीन असते. जोड लावताना वजन नजरेने ठरते. आणि एखादा मल्ल मानेवर पडून निपचित राहिला की चार माणसे धावून त्याला बगलेला धरून उठवितात, कोणी मान हलवून पाहतो, कोणी पाठ चोळतो. हेतू निर्मळ असतो. परिणाम मात्र असा होऊ शकतो की, हलवण्यापूर्वी जी इजा बरी होण्यासारखी होती, ती हलवल्यामुळे कायमची व्हावी.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. हौदाची माती निदान हातभर खोल उकरून, ओलवून, खडे वेचून घ्यावी, आणि तशी ती झाल्याची खात्री करूनच वस्तादांनी आपले मल्ल उतरवावेत. वजनाचा काटा आखाड्यापाशी असावा. तो प्रत्येक बाजार समितीत असतो, एक दिवस यात्रेत आणता येईल. उलटा उचलून डोक्यावर आपटणे आणि मणक्यास ताण देणारी पकड, या दोन गोष्टी दिसताच पंचांनी कुस्ती थांबवावी, मग इनाम कितीही मोठे असो. आखाड्याच्या कडेला एक कठीण फळी ठेवावी, आणि जखमी मल्लाची मान व पाठ एका रेषेत धरून, चार जणांनी मिळून, एकाच वेळी त्याला तीवर घ्यावे, हे प्रत्येक तालमीत शिकविले जावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस दंगलीची वेळ आधी कळवून ठेवावी. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तेथील अस्थिरोग विभागांनी वर्षातून एक दिवस दोन्ही जिल्ह्यांतील वस्तादांना बोलावून हे धडे द्यावेत. वस्ताद आणि डॉक्टर यांची अशी जोड अद्याप पुरेशी लागलेली नाही. ती लागली तर दोघेही एकमेकांकडून काही शिकतील.

काहींना ही काळजी बायकी वाटेल. 'आमच्या काळी असली थेरं नव्हती, तरी मल्ल झालेच ना', असे ते म्हणतील. जे झाले ते आपल्यासमोर आहेत. जे मोडले ते आपल्या ओट्यांवर बसून राहिले, त्यांची नोंद कोणत्याही फलकावर झाली नाही. शिवाय जुन्या वस्तादांची शिस्त या उपायांहून कडक होती. नवशिक्याला ते महिनोन्‌महिने केवळ जोर-बैठका करावयास लावीत आणि पाठ तयार झाल्याखेरीज त्याची जोड लावीत नसत. आज मुलगा पडद्यावर डाव आधी शिकतो आणि व्यायामाकडे नंतर वळतो, किंवा वळतच नाही. बदल झाला आहे तो येथे.

त्याला पडद्यापासून दूर ठेवणे आता कोणालाही शक्य नाही. मात्र त्याला खरी कुस्ती जवळून दाखविणे शक्य आहे. शाळेपासून चालत जाता येईल अशी तालीम, तीत खेळती माती, आणि 'हा डाव का करावयाचा नाही' हे सांगणारा वस्ताद, एवढे त्याला मिळाले, तर बॅकब्रेकरचे आकर्षण फार काळ टिकणार नाही. आपल्याहून भारी जोडीदाराची पाठ कुठेही इजा न करता मातीला लावण्यात जो पराक्रम आहे, तो एकदा अनुभवलेल्या मुलाला दुसऱ्याची पाठ गुडघ्यावर आदळण्यात पुरुषार्थ वाटत नाही.

पद्मालयाच्या रानात भीमाने केले ते राक्षसाशी केले, आणि ज्या गावाने त्याला आसरा दिला त्या गावाच्या रक्षणासाठी केले. आपल्या आखाड्यात समोर उभा असतो तो शेजारच्या गावचा मुलगा. सोमवारी त्यालाही शेतावर जावयाचे असते. येत्या हंगामात यात्रा समित्यांनी इनामाची रक्कम ठरविण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले, आणि हौद हातभर अधिक खोल उकरला, तरी पुष्कळ झाले.